कॅन आधी जमिनीवर टेकवा

मनमाडजवळच्या पानेवाडीत मुंबईहून जमिनीखालच्या वाहिनीने आलेले पेट्रोल-डिझेल टँकरमध्ये भरतात, तेव्हा आधी टँकरच्या अंगाला तारेचा चिमटा लावून अर्थिंग दिले जाते आणि मगच तेल सोडले जाते. सुरुवातीला धार मुद्दाम संथ ठेवतात. भरण्याच्या नळीचे तोंड तेलात बुडाले की मगच वेग वाढवतात. तोच टँकर निफाड, चांदवड किंवा दिंडोरीच्या पंपावर पोहोचला की तिथेही आधी काही वेळ स्थिर उभा राहतो, पुन्हा चिमटा, पुन्हा अर्थिंग आणि मग जमिनीतल्या टाकीत तेल उतरते. पंपाच्या नोझलला जोडलेल्या रबरी नळीतसुद्धा विजेचा भार वाहून नेणारी सोय असते. म्हणजे तेल जिथे जिथे वाहते, तिथे तिथे त्याच्यासोबत एक तार चालते. मग पंपावर मोटारसायकल येऊन थांबते. गाडीवरून न उतरताच चालक पेट्रोलच्या टाकीवर पस्तीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन ठेवतो, झाकण काढतो, नोझल आत जाते आणि मिनिटाला तीस-चाळीस लिटरच्या धारेने कॅन भरू लागतो. पानेवाडीपासून सोबत आलेली तार नेमकी इथे तुटते. तिथून पुढे बागेपर्यंत, ट्रॅक्टरच्या टाकीत शेवटचा थेंब पडेपर्यंत, त्या तेलाची काळजी घेण्याचे काम कोणाकडेच नसते.

या शेवटच्या टप्प्याचा विचार नाशिक जिल्ह्याने इतरांपेक्षा अधिक करायला हवा. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने फवारण्या सुरू झाल्या की ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर बागेतून बाहेर निघायला तयार नसतो. पाऊस उघडल्यावर मिळालेल्या चार तासांत फवारणी उरकायची असते, तेव्हा ट्रॅक्टर सात-आठ किलोमीटरवरच्या पंपावर नेणे परवडत नाही; मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रॅक्टर घेऊन जाणे हा तर वेगळाच धोका आहे. पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, पॉवर वीडर, ब्रश कटर, जनरेटर ही यंत्रे तर पंपावर जाऊच शकत नाहीत. तेव्हा कॅन हे शेतीचे अवजार आहे, पाभर किंवा ब्लोअरइतकेच. माझे म्हणणे एवढेच आहे, की या अवजाराकडे आपण अवजार म्हणून कधी पाहिलेच नाही. पोलीस त्याच्याकडे संशयाने पाहतात, पंपचालक कटकट म्हणून पाहतात, शेतकरी रिकामा डबा म्हणून पाहतो आणि कृषी खाते त्याच्याकडे पाहतच नाही. म्हणून ज्या धोक्यावरचा उपाय जवळपास फुकट आहे, तो धोका आपण रोज उचलतो आहोत.

धोका कसला, ते नीट समजून घेऊ. हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, गाडीतून उतरून दाराला हात लावल्यावर जो बारीक चटका बसतो, तीच ही स्थिर वीज. दोन वस्तू घासल्या, एकमेकींपासून सुटल्या की एकीवर जादा भार राहतो, दुसरीवर तूट. भार जमिनीत उतरायला वाट मिळाली तर काहीच होत नाही. वाट मिळाली नाही तर तो साठतो आणि जवळ एखादी धातूची वस्तू आली की उडी मारतो. तेल नळीतून वाहताना नळीच्या आतल्या अंगाला घासते, फडक्यातून किंवा जाळीतून गाळताना तर अधिकच घासते, उंचावरून पडून उसळताना पुन्हा भारित होते. आता आकडे पाहा. माणसाच्या अंगावर तीन हजार व्होल्टच्या आसपास भार असेल तेव्हाच त्याला चटका जेमतेम जाणवतो. त्या चटक्याची ऊर्जा साधारण ०.७ मिलिज्यूल भरते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर ती पेटायला ०.२ ते ०.३ मिलिज्यूल पुरतात. म्हणजे माणसाला जी ठिणगी जाणवतसुद्धा नाही, तीही पेट्रोलला पुरेशी ठरू शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, कॅनच्या तोंडावरून ओघळून पायांशी, गाडीच्या इंजिनाशी पसरते. आणि पेट्रोलला वाफ द्यायला ऊन लागत नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सुटते ते तापमान, शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. निफाडच्या कडाक्याच्या पहाटेही ते तयारच असते. फेब्रुवारी उलटल्यावर दुपारची हवा कोरडी ठाक होते, आणि दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावरून जो भार हळूहळू विरून जातो तो विरायचा थांबतो. इगतपुरीच्या पावसात जे निभावून जाते, ते चांदवडच्या एप्रिलात निभावेलच असे नाही.

आता पिकअपच्या हौद्यात पाहू. द्राक्षाचा रिकामा प्लास्टिक क्रेट, त्यात कॅन उभा, कारण क्रेटमध्ये ठेवला की हिंदकळत नाही. हेतू चांगला, पण या मांडणीने कॅन जमिनीपासून पूर्ण तुटतो: खाली प्लास्टिक, त्याखाली बहुधा ताडपत्री, त्याखाली गाडी. अमेरिकेत १९९०च्या दशकात पिकअप गाड्यांच्या हौद्याला प्लास्टिकचे अस्तर लावायची पद्धत आली आणि हौद्यातच ठेवून कॅन भरताना आगी लागू लागल्या. तिथल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने, नायॉशने, त्या दशकाच्या अखेरीस याबद्दल खास इशारा प्रसिद्ध केला. त्यातली शिकवण आपल्या समजुतीच्या उलट आहे. अशा अस्तरावर धातूचा डबा प्लास्टिकच्या कॅनपेक्षाही वाईट. प्लास्टिकवरचा भार जागच्या जागी अडकून राहतो, एका ठिणगीत त्यातला थोडाच सुटतो. धातूचा डबा मात्र आपल्या अंगावरचा सगळा भार एका ठिणगीत सोडून देतो. म्हणून ‘प्लास्टिक टाका, पत्र्याचा डबा घ्या’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. जमिनीला टेकलेला पत्र्याचा डबा सुरक्षित. क्रेटवर, ताडपत्रीवर किंवा मोटारसायकलच्या रेक्झिनच्या सीटवर तरंगणारा पत्र्याचा डबा हा चार्ज साठवायचे भांडेच. प्लास्टिकच्या कॅनच्या तोंडात बसवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यालाही हेच लागू. बहुतेक शेतांत नरसाळे असेच वापरले जाते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, डिझेल असे भस्सकन पेटत नाही, काडी टाकली तरी विझते. गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर हे इतक्या खात्रीने सांगितले जाते, की त्यावर शंका घेणारा अडाणी ठरतो. या म्हणण्यात तथ्य आहेच. पण ही खात्री जितकी वाटते तितकी पक्की नाही. युरोपच्या मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट ५५ अंश सेल्सियसच्या वर असावा लागतो, अमेरिकेत ५२ अंश. भारतीय मानकात किमान मर्यादा ३५ अंश आहे. प्रत्यक्ष पंपावरचे डिझेल अनेकदा याहून बरे असते, पण मर्यादा म्हणजे कायद्याने दिलेली हमी, आणि हमी एवढीच आहे. मालेगावचा पारा एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. दुपारभर नांगरट केलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत तर इंजिनाकडून परतीच्या नळीने आलेले गरम डिझेल सतत पडत असते. त्या टाकीचे झाकण उघडल्यावर आतली हवा थंड देशातल्या डिझेलच्या टाकीसारखी निरुपद्रवी नसते. शिवाय उंचावरून ओतताना उडणारे बारीक तुषार आणि डिझेलने भिजलेले फडके या दोन्हींना फ्लॅश पॉइंट गाठायची वाट पाहावी लागत नाही.

पण डिझेलचा खरा दगा वेगळ्याच ठिकाणी आहे. शेतात पेट्रोलचा कॅन आणि डिझेलचा कॅन वेगळे असतातच असे नाही. सकाळी फवारणी पंपासाठी पेट्रोल आणलेला कॅन दुपारी डिझेल आणायला जातो. तळाशी कपभर पेट्रोल राहिलेले असते, किंवा तेही नसते, नुसती वाफ असते. तेल उद्योगात या प्रकाराला ‘स्विच लोडिंग’ म्हणतात, आणि टँकर भरताना झालेल्या स्फोटांच्या इतिहासात त्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. कारण असे, की निव्वळ पेट्रोलने भरलेल्या भांड्यात वाफ इतकी दाट असते की ती पेटायला हवाच पुरत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते. त्यात डिझेल ओतले की ते पेट्रोलची वाफ शोषून घेते, वाफ विरळ होत जाते आणि नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात येऊन थांबते. त्याच वेळी डिझेल वाहताना भार घेऊन येते, आणि हा भार ते पेट्रोलपेक्षा सावकाश सोडते. म्हणजे एकटे डिझेल पेटत नाही, एकटे पेट्रोल भांड्याच्या आत पेटत नाही. दोघे एका कॅनमध्ये भेटले की प्रत्येक जण दुसऱ्याची उणीव भरून काढतो. ‘डिझेल आहे, काही होत नाही’ या वाक्यातला ‘डिझेल आहे’ हा भाग खरा मानायला आधी तो कॅन काल कशासाठी वापरला होता हे ठाऊक हवे.

इंधन बदलल्याने धोका कमी झाला असेल असे कोणी म्हणेल, आणि त्यातही अर्धे सत्य आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते. इथेनॉल विजेला साध्या पेट्रोलपेक्षा कितीतरी सहज वाट देते. त्यामुळे या पेट्रोलमधला भार भांड्याच्या अंगापर्यंत लगेच पोहोचतो. पण भांडेच प्लास्टिकचे आणि तेही क्रेटमध्ये असेल तर पोहोचून तो जाणार कुठे? उलट आता कॅनमधले सगळे पेट्रोल भारित धातूसारखे वागते आणि ठिणगी पडली तर सगळा भार एकदम सुटतो. डिझेलचे उलटे झाले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले. डिझेलमधले गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. हवेसाठी ही चांगली गोष्ट. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत विजेला वाट देणारे सूक्ष्म घटकही निघून जातात, त्यामुळे स्वच्छ डिझेल भार अधिक वेळ धरून ठेवते. भारविरोधी रसायन मिसळून ही उणीव भरून काढावी लागते. इंधन असे बदलत गेले, कॅन मात्र खाद्यतेलाचा, हायड्रॉलिक ऑइलचा किंवा औषधाचा रिकामा झालेला, पूर्वी होता तोच.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: वर्षानुवर्षे असेच चालले आहे, कुठे काय झाले? ठिणगी पुरावा मागे ठेवत नाही, ही यातली अडचण. आग लागली की बिडी, शॉर्टसर्किट, गरम सायलेन्सर यांच्यावर बोट ठेवणे सोपे असते. कोणी नायलॉनचे जाकीट घालून रेक्झिनच्या सीटवरून उतरला आणि नोझलला हात लावला, हे पंचनाम्यात कसे येणार? अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने मात्र पंपांवरच्या आगींची नोंद ठेवली आणि स्थिर विजेमुळे लागल्यासारख्या दीडशेहून अधिक आगी तिच्याकडे जमा झाल्या. त्यांतल्या बऱ्याच घटनांची कथा एकच होती: तेल भरणे सुरू ठेवून चालक गाडीत जाऊन बसला, सीटला अंग घासून परत उतरला, नोझलला हात लावला आणि भडका उडाला. मी हे आकडे नाशिकवर लादत नाही. अमेरिकेतली थंडी कोरडी, तिथे लोक स्वतःच तेल भरतात, आपल्याकडे पंपावर कर्मचारी असतो. शिवाय कबूल करायलाच हवे, की शेतातल्या आगींत चालू इंजिन, तापलेला सायलेन्सर आणि ओठातली बिडी यांचा वाटा स्थिर विजेपेक्षा मोठा असणार. पण हा युक्तिवाद माझ्या विरोधात जात नाही. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, कॅन खाली ठेवा, सावकाश ओता: ज्या सवयी ठिणगीपासून वाचवतात, त्याच सायलेन्सरपासूनही वाचवतात. एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

त्याच अमेरिकी नोंदींतली आणखी एक गोष्ट मोलाची आहे. मोबाइलमुळे आग लागली असे पक्के ठरलेले एकही प्रकरण त्यांना सापडले नाही. आपल्याकडे मात्र पंपावर ठळक फलक असतो तो मोबाइलवर बंदीचा, आणि त्याच फलकाखाली क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले जातात. हा विनोद सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे फलकावरचा विश्वासच उडाला आहे. ज्या गोष्टीने आग लागत नाही तिचा फलक, आणि ज्या गोष्टीने लागते, म्हणजे गाडीवर धरलेला कॅन, तिच्याबद्दल एक शब्द नाही. सावधगिरीच्या सूचनाही किती द्यायच्या याला मर्यादा असते. माणूस पाच फलक वाचत नाही, एक वाचतो. तो एक कोणता असावा हे आपण चुकीचे ठरवले आहे.

कॅनबद्दल सरकारी पातळीवर विचार होतो तो गुन्ह्याच्या अंगाने, आणि त्याला कारणे आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी याच पानेवाडी परिसरात तेलभेसळीवर कारवाई करायला गेलेले अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्या जखमेनंतर या जिल्ह्यात सुट्या इंधनाकडे संशयाने पाहिले गेले तर नवल नाही. अधूनमधून बाटलीत पेट्रोल देऊ नका असे आदेश निघतात, आंदोलनाच्या काळात तर हमखास. पण बंदीने कॅन जात नाही, तो फक्त अंधारात जातो. किराणा दुकानाच्या दाराशी पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल टांगलेले दिसते ते यामुळेच. पंप नाही म्हणाला की बाटली बोलावते. जानेवारी २०२४च्या सुरुवातीला नव्या ‘हिट अँड रन’ कलमाविरोधात टँकरचालकांनी काम थांबवले, पानेवाडीतून गाड्या निघेनात, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगांनी दाखवून दिले की तुटवड्याची नुसती चाहूल लागली तरी लोक इंधन साठवायला धावतात. ज्याच्या बागेत फवारणी अडली आहे तो त्या दिवशी कुठले भांडे सुरक्षित याचा विचार करणार नाही. तो विचार त्याच्यासाठी आधीच कोणीतरी करून ठेवलेला असायला हवा.

आणि कायदा याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा शहाणा आहे. १९३४चा पेट्रोलियम कायदा डिझेलच्या वर्गातले तेल एकूण अडीच हजार लिटरपर्यंत विनापरवाना जवळ ठेवू देतो, फक्त कुठलेही एक भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नको. पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत परवाना लागत नाही; पण भांड्याबद्दल कायदा काटेकोर आहे. काच किंवा चिनीमातीची बरणी असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे भांडे असेल तर पंचवीस लिटरपर्यंत, आणि तोंड घट्ट बंद. म्हणजे शेतकऱ्याने कॅनने इंधन आणणे बेकायदा नाही, ते कायद्याने गृहीतच धरले आहे. प्लास्टिकचा उल्लेख नाही, कारण १९३४ साली असा कॅन अस्तित्वातच नव्हता. ही कायद्याची दूरदृष्टी म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. इतर देशांनी नंतर प्लास्टिकला नियमांत बसवले. ब्रिटनमध्ये पेट्रोलसाठी प्लास्टिकचा कॅन दहा लिटरपर्यंत आणि धातूचा वीस लिटरपर्यंत चालतो. अमेरिकेने २०२०च्या अखेरीस कायदा करून कॅनच्या तोंडात ज्वाळा आत शिरू न देणारी जाळी सक्तीची केली, कारण जवळपास रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा घातक असतो: आत तेल थोडे, पेटण्याजोगी वाफ भरपूर. आपल्याकडे हे काम ज्या संस्थेचे आहे ती पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय दिल्लीत नाही, नागपुरात आहे. शेतीच्या कॅनचा एक स्पष्ट नमुना, आकार, जाळी, झाकण, धातूची पट्टी आणि वर मराठीत दोन ओळी, तिथून ठरवून घेणे महाराष्ट्राला अवघड का जावे?

तिसरा आक्षेप खर्चाचा. चांगला धातूचा कॅन महाग पडतो आणि शेतकऱ्यावर आणखी एक खर्च लादायचा कशाला? आक्षेप रास्त आहे, पण हा खर्च शेतकऱ्यावरच टाकला पाहिजे असे कोणी म्हटले? ट्रॅक्टर, ब्लोअर, फवारणी पंप यांना महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान मिळते. यंत्राला अनुदान देताना त्याच्या इंधनाच्या भांड्याला विसरणे हे बैलजोडी देऊन दावे न देण्यासारखे आहे. राज्य सरकार गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये देते. त्या योजनेच्या यादीत वीज पडून मृत्यूचा वेगळा उल्लेख आहे. कॅनच्या तोंडाशी पडणारी ठिणगी ही त्याच विजेची धाकटी बहीण, फक्त हिला आधी अडवता येते. दोन लाखांच्या तुलनेत एका कॅनचा हिशेब कोणत्याही लेखापालाला समजेल. आणि कॅन घेईपर्यंतही बरेच काही फुकटात होते: कॅन गाडीवरून खाली घेणे, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवणे, धार कमी ठेवणे, कॅन काठोकाठ न भरणे, पेट्रोलच्या आणि डिझेलच्या कॅनला वेगळे रंग देणे. शेतात ओतताना आधी ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला हात लावणे, मग झाकण उघडणे. धातूचा कॅन असेल तर दोन्ही टोकांना चिमटे लावलेली तार एकीकडे कॅनला आणि दुसरीकडे ट्रॅक्टरला. बॅटरी चार्ज करायला असे चिमटे बहुतेक घरांत असतातच. आणि भडका उडालाच तर नोझल किंवा कॅन हिसकावून बाहेर ओढायचा नाही, कारण माणूस गंभीर भाजतो तो बहुधा त्या हिसक्याने अंगावर उडालेल्या पेटत्या तेलामुळे.

पंपापर्यंत जायचेच नाही, पंपच शेतात आणायचा, असाही एक मार्ग सुचवला जातो. इंडियन ऑइलने मार्च २०१८ मध्ये घरपोच डिझेलचा प्रयोग पुण्यातूनच सुरू केला, आणि फिरत्या पंपाच्या गाड्या बनवणारी कंपनीही पुण्यातच उभी राहिली. या गाडीला अर्थिंग असते, मीटर असतो, प्रशिक्षित माणूस असतो. पानेवाडीची तार बागेपर्यंत नेण्याचा हा सर्वात चांगला मार्ग. पण वीस लिटरसाठी गाडी कोण बोलावणार? इथे शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पुढे यायला हवे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने द्राक्षाची निर्यात एकत्र आणून दाखवली. खते, औषधे, रोपे एकत्र घेता येतात तर हंगामात आठवड्यातून दोनदा ठरलेल्या रस्त्याने डिझेलची गाडी फिरवणे हे त्याहून अवघड नाही. तरीही पेट्रोलची यंत्रे उरतात, रात्री संपलेले डिझेल उरते, गाडी न पोहोचणारी वस्ती उरते. कॅन जाणार नाही, आणि म्हणून सुरुवात पंपापासूनच करावी लागेल.

पंपावर शिस्त लावायला पंपचालक कसे तयार होतील, असे विचारणाऱ्यांनी नाशिकचाच अनुभव आठवावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. तिच्यावर टीका झाली; ग्राहकाशी वाद घालणे आमचे काम आहे का, हा पंपचालकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हेल्मेट रस्त्यासाठी असते, पंपाला त्याच्याशी देणेघेणे नाही. कॅनचे तसे नाही. कॅन गाडीवर ठेवून भरताना आग लागली तर ती पंपावरच लागेल, नोझल हातात असलेल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर आधी येईल. तेव्हा ‘खाली ठेवा, मगच भरतो’ असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे, आणि मालकाने त्याच्या पाठीशी उभे राहणे हे मालकाच्याही हिताचे आहे. रांगेत उशीर होईल ही भीती खरी आहे. त्यासाठी रांगेबाहेर जागा हवी. पंपाच्या काँक्रीटवर एका कडेला पिवळ्या रंगाचा मीटरभर चौकोन आखायचा, त्यावर ‘कॅन इथे’ एवढेच लिहायचे. काँक्रीट भार सोडायला पुरेशी वाट देते, वेगळे अर्थिंगही लागत नाही. पंपावर हवा फुकट असते, पिण्याचे पाणी फुकट असते, कारण तेल कंपन्यांनी ते पंपाला बंधनकारक केले आहे. त्या यादीत हा चौकोन घालायला रंगाचा एक डबा आणि दुपारचा एक तास लागेल. द्राक्षांच्या तालुक्यांतल्या पंपांवर तो ऑक्टोबर छाटणीच्या आधी आखून व्हावा, कारण त्यानंतर कॅन घेऊन येणाऱ्याला थांबायला वेळ नसतो.